शकुन केव्हा धरू नये?

मुठाकाठ

नमस्कार. यंदाच्या वैशाखात घरी घडलेल्या एका प्रसंगावरून हा धागा काढतो आहे. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आई कुरडया वाळत घालायला गेली होती. तेव्हा शेजारच्या आंब्यावरून एक कावळा झेपावला आणि तिच्या डोक्याला नखे लावून गेला. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. "कावळा डोक्याला शिवला" हे कळताच थोरल्या काकूंनी जुन्या रिवाजाप्रमाणे मामांना "ताई गेल्या" असा खोटा निरोप दूरध्वनीवरून दिला. आपल्या माणसाने निरोप ऐकून डोळ्यांतून पाणी काढले की अरिष्ट टळते, असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. मामा ७४ वर्षांचे आहेत आणि कोकणात एकटे राहतात. खरे काय ते त्यांना कळायला पाऊण तास लागला, आणि त्या रात्री शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेले. आता ते बरे आहेत, परंतु काकूंशी बोलत नाहीत.

या प्रकारानंतर मी वराहमिहिराची बृहत्संहिता मुद्दाम काढून वाचली. ती सहाव्या शतकातली असून तिच्यात शकुनांवर सलग अनेक अध्याय आहेत. शाकुनाध्यायात एका ओळीपाशी मी थबकलो. कोणत्या ऋतूत कोणत्या प्राण्याचे शकुन निष्फळ समजावेत हे सांगताना तो लिहितो, "वसन्ते काककोकिलौ." म्हणजे वसंतात कावळा आणि कोकीळ यांचे शकुन धरायचेच नाहीत. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, आणि आमचा प्रसंग वैशाखातला. ज्या शास्त्राच्या धाकाने मामांना रडवले, त्याच शास्त्राने या कावळ्याला आधीच वगळून ठेवले होते.

माझे दोन प्रश्न आहेत. शकुन केव्हा धरू नये याविषयी संस्कृत ग्रंथांत आणखी काय सांगितले आहे? आणि ही वगळण्याची बाजू आपल्या घरांपर्यंत का पोहोचली नाही?

अनुष्टुभ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच मोठे आहे. तुम्ही दिलेल्या ओळीच्या आगेमागेच पाहा. जोडीदाराशी रत असलेला, रोगाने पिडलेला, घाबरलेला, भांडणात गुंतलेला, मांसाच्या आशेने घुटमळणारा, माजावर आलेला आणि आपल्या नि त्याच्या मधे नदी असलेला, असा कोणताही पशू वा पक्षी शकुनासाठी घेऊ नये, असा स्पष्ट निषेध तिथे आहे. शिशिरात घोडा, बोकड, उंट, हरिणे आणि ससा निष्फळ, तर श्रावणात हत्ती आणि चातक निष्फळ. भाद्रपदात डुक्कर, कुत्रा आणि लांडगा धरू नयेत. मराठीत "भाद्रपदातला कुत्रा" हा वाक्प्रचार कशासाठी वापरतात हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा या नियमाचे कारण वेगळे सांगायला नको.

या सर्व अपवादांमागचा विचार एकच दिसतो. प्राणी स्वतःच्या कारणाने काही करत असेल, तर त्याच्या वागण्यात तुमच्यासाठी निरोप शोधू नका. शकुनाची व्याख्याही याला धरूनच आहे. "अन्यजन्मान्तरकृतं कर्म पुंसां शुभाशुभम् । यत्तस्य शकुनः पाकं निवेदयति गच्छताम् ॥" मागच्या जन्मी केलेल्या बऱ्यावाईट कर्माचा जो परिपाक होऊ घातला आहे, तो शकुन प्रवासाला निघालेल्याला 'निवेदन करतो'. तो काही घडवत नाही. डाकवाला जसा पत्रातल्या मजकुराचा धनी नसतो, तशीच पक्ष्याची भूमिका आहे. त्यामुळे कावळ्याने अरिष्ट आणले आणि खोट्या रडण्याने ते गेले, ही कल्पना या व्याख्येत बसतच नाही.

अध्यायाच्या आरंभी वराहमिहिर आधीच्या आचार्यांची नावे देतो. त्यांत गर्ग, भागुरी आणि देवल तर आहेतच, शिवाय अवंतीचा राजा द्रव्यवर्धन हाही आहे. संस्कृताबरोबर प्राकृतात जे सांगितले आहे तेही आपण पाहिले, असे तो आवर्जून नोंदवतो. म्हणजे गुराखी, व्यापारी आणि वाटसरू यांच्याकडचे ज्ञानही या शास्त्रात आलेले असणार.

पाणकाठी

कावळ्याविषयी पक्षीनिरीक्षक म्हणून थोडे लिहितो. पुण्यात कावळ्यांच्या घरट्यांचा हंगाम साधारण एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असली की जवळ येणाऱ्या माणसावर कावळा मागून झेप घेतो, आणि ज्याला त्याने एकदा धोकादायक ठरवले त्याला तो चेहऱ्याने ओळखतो. तुमच्या आईंवर दोन दिवस सलग हल्ला झाला, याचा अर्थ त्या आंब्यावर घरटे असणार हे जवळजवळ नक्की. तिकडे पाठ न करता गच्चीवर जावे, किंवा तीन-चार आठवडे छत्री घेऊन जावे, एवढा उपाय पुरतो.

मला त्या ओळीतली जोडी फार मोलाची वाटते. "काककोकिलौ" असा द्वंद्व समास उगाच आलेला नाही. कोकीळ मादी आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. कोकिळेचे अंडे १२ ते १४ दिवसांत उबते आणि कावळ्याचे १६-१७ दिवसांत, त्यामुळे परक्याचे पिल्लू आधी बाहेर येऊन आधी खायला मागते. त्या काळात नर कोकीळ ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो आणि मादी तेवढ्यात घरट्यात शिरते. कावळा चिडलेला असतो, कोकीळ दिवसरात्र ओरडत असतो, आणि दोघांचीही कारणे त्यांची स्वतःची असतात. संस्कृतात कोकिळेला 'परभृत' आणि 'परपुष्ट' म्हणतात, म्हणजे हे निरीक्षण त्या लोकांपाशी होतेच. या दोघांना एकाच ऋतूत एकत्र वगळणारा माणूस झाडाखाली बराच वेळ उभा राहिलेला असला पाहिजे.

प्रश्नचिन्ह

वरच्या दोन्ही प्रतिसादांतली माहिती मला आवडली, परंतु निष्कर्ष मान्य नाही. ज्या विद्येत निषेधांची एवढी लांब यादी असते, ती विद्या कधी चुकूच शकत नाही. शकुन खरा ठरला तर शास्त्र खरे, आणि खोटा ठरला तर कावळा आजारी असेल, घाबरलेला असेल, नदीपलीकडे असेल किंवा ऋतू चुकला असेल. आपण ज्याला निरीक्षण म्हणून गौरवतो आहोत, ती कदाचित निसटून जाण्याची वाट असेल.

आणि हा आक्षेप आजचा नाही. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात बुद्धांनी ज्या विद्यांवर पोट भरणे भिक्खूंना वर्ज्य सांगितले, त्यांत निमित्त, उत्पात आणि स्वप्न तर आहेतच, शिवाय उंदराने कुरतडलेल्या वस्त्रावरून भविष्य सांगणेही आहे. कित्येक शतकांनंतरच्या बृहत्संहितेत वस्त्रच्छेदाचा स्वतंत्र अध्याय आहेच. वस्त्राचे नऊ भाग पाडून चार कोपरे देवांचे, दोन भाग माणसांचे आणि तीन राक्षसांचे, अशी त्यात वाटणी आहे. उंदीर कोणाच्या भागात कुरतडतो यावर फळ अवलंबून. यात प्राण्याच्या स्वभावाचे निरीक्षण कुठे आहे?

कौटिल्याचा श्लोक तर सर्वांना पाठ असायला हवा. "नक्षत्रमतिपृच्छन्तं बालमर्थोऽतिवर्तते । अर्थो ह्यर्थस्य नक्षत्रं किं करिष्यन्ति तारकाः ॥" जो पोरकट माणूस नक्षत्रच विचारत बसतो, त्याच्या हातून काम निसटते. काम हेच कामाचे नक्षत्र, तारे काय करणार? हाच श्लोक पालीत, थोड्या फरकाने, नक्खत्तजातकात येतो. त्या कथेत मुहूर्त बरा नाही म्हणून वरपक्ष एक दिवस थांबतो, आणि वधूपक्ष मुलगी दुसऱ्या घरी देऊन मोकळा होतो.

गच्चीवरचा वाचक

कौटिल्य ज्योतिष्यांना आणि निमित्त सांगणाऱ्यांना हेरगिरीच्या कामी लावायलाही सुचवतो. लोकांचा विश्वास कुठे आहे हे त्याला चांगले ठाऊक होते.

अनुष्टुभ

प्रश्नचिन्ह, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि वस्त्रच्छेदाचा बचाव मी करणार नाही. मात्र सगळेच नियम निसटण्यासाठी आहेत, असे म्हणण्याआधी खंजनाचा अध्याय पाहावा. खंजन म्हणजे आपला धोबी किंवा परीट पक्षी. पावसाळा सरल्यावर तो प्रथम कुठे आणि कसा दिसला, यावर तिथे फळे सांगितली आहेत. त्यात असे म्हटले आहे की, खंजन जिथे मैथुन करतो तिथे जमिनीखाली धन असते, जिथे ओकतो तिथे काच असते आणि जिथे विष्ठा टाकतो तिथे कोळसा असतो. हे वाचून कोणीही हसेल, पण श्लोकाचा चौथा चरण असा आहे: "तत्कौतुकापनयनाय खनेद्धरित्रीम्." हे कुतूहल फेडून घ्यायचे असेल तर जमीन खणून पाहावी. विधान सपशेल चुकीचे आहे, तरीही ते खोटे पाडण्याची रीत त्याने त्याच श्लोकात देऊन ठेवली आहे. यात पळवाट नाही.

शकुनाला हसणारी उदाहरणेही याच भाषेने जपली आहेत. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला गाठ पडली, की त्याला 'काकतालीय' म्हणतात. पाणिनीच्या "समासाच्च तद्विषयात्" या सूत्राचे (५.३.१०६) हे नेहमीचे उदाहरण आहे. मराठीत आपण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ म्हणतो. शकुनासाठी ज्या पक्ष्याकडे सर्वांत जास्त पाहिले गेले, योगायोगाच्या न्यायासाठीही तोच निवडला गेला.

पाणकाठी

खंजनाचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. त्या अध्यायात खंजनाचे चार प्रकार दिले आहेत. गळा काळा आणि मान उंचावलेली असेल तो 'भद्र', गळ्यापासून तोंडापर्यंत काळा तो 'संपूर्ण', गळ्यावर काळा ठिपका आणि गाल पांढरे तो 'रिक्त', आणि पिवळा तो 'गोपीत'. गेल्या हिवाळ्यात मी कवडीपाटच्या बंधाऱ्यावर सकाळी दोन तास केवळ धोबी पाहत बसलो होतो. पाण्यातून वर आलेल्या खडकांवर शेपट्या वरखाली होत होत्या. जवळच्या खडकावर थोरला धोबी होता, त्याचा गळा आणि छाती पूर्ण काळी, फक्त भुवई पांढरी. पलीकडे पांढरा धोबी होता. हिवाळी पिसाऱ्यात त्याचा गळा पांढरा होतो आणि छातीवर काळा डाग तेवढा उरतो. चिखलात पिवळे धोबी किडे टिपत होते. मला वाटते, 'संपूर्ण', 'रिक्त' आणि 'गोपीत' ही नावे त्या एका बंधाऱ्यावर मी ओळीने लावू शकलो असतो. 'रिक्त' दिसला तर हाती काही लागत नाही आणि 'गोपीत' दिसला तर क्लेश होतात, हे फळ सोडून द्या. पिसाऱ्यांतला भेद पकडणारी नजर मात्र खरी आहे.

एक अडचण तेवढी सांगतो. पांढरा धोबी आपल्याकडे फक्त हिवाळ्यात असतो आणि विणीला उत्तरेकडे जातो. त्यामुळे धन शोधायचे असेल तर पुणेकरांनी बारमाही राहणाऱ्या थोरल्या धोब्यावरच लक्ष ठेवावे.

मीठभाकर

हवामानाच्या क्षेत्रात काम केलेला माणूस म्हणून एक भर घालतो. याच बृहत्संहितेत, शकुनाच्या अध्यायांच्या कितीतरी आधी, लवकरच पडणाऱ्या पावसाची लक्षणे दिली आहेत. पाण्याची चव जाणे, दिशा स्वच्छ दिसणे, वारा पडणे, मासे उसळून काठावर येणे, बेडकांचे पुन्हा पुन्हा ओरडणे आणि 'लवणविकृती'. शिवाय कोणी डिवचले नसताना मुंग्यांनी अंडी हलवणे.

यातली लवणविकृती मला सर्वांत आवडते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही हवेतले पाणी ओढून घेते, आणि खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याआधीच ओलावते. आमच्या घरी आई चिनी मातीच्या बरणीत मीठ ठेवत असे. जूनच्या पहिल्या आठवड्यात बरणीच्या तळाशी बोट फिरवून ती "आलाच" म्हणायची. शिवाजीनगरच्या ज्या शिमला ऑफिसात १९२८ साली सिमल्याहून हवामान खात्याचे मुख्यालय आले, तिथे आर्द्रता मोजणारी उपकरणे होती आणि आमच्याकडे बरणी होती. दोन्हींचे काम एकच.

तेव्हा प्रश्नचिन्ह यांना माझे सांगणे असे की, एकाच ग्रंथातली सारी निमित्ते एका मापाने मोजू नयेत. जिथे खूण आणि घटना यांना एकच कारण आहे, तिथे निमित्त टिकते. मीठ ओले होते आणि पाऊस पडतो, कारण दोन्हींना हवेतले बाष्प लागते. कावळ्याची नखे आणि माणसाचे मरण यांना असे सामाईक कारण नाही. हा भेद जुन्यांनी सर्वत्र पाळला नाही, आपण पाळावा.

दशमीची शिदोरी

मी या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला.

माझी आजी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची सहा दशके सदाशिव पेठेत आमच्या घरी राहिली. घरातले कोणी परीक्षेला किंवा परगावी निघाले की ती पहाटे उठून सगळे करायची. वडिलांच्या मॅट्रिकच्या परीक्षेची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. तिने दही विरजले, वाटीत साखर घातली, चमचा ठेवला, शाईची दौत पुसून दिली, आणि ते कपडे करून येताना दिसताच माजघराच्या मागच्या दाराने न्हाणीघराकडे निघून गेली. दही हातावर घातले शेजारच्या सवाष्णीने. वडिलांनी पायरी उतरल्यावर मागे वळून पाहिले तर न्हाणीचे दार आतून ओढून घेतलेले होते, आणि दाराच्या फटीतून तिच्या आलवणाचा काठ तेवढा दिसत होता. कोणी तिला जा म्हटले नव्हते. ते तिच्या अंगवळणी पडले होते.

याच पुण्यात १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला गेला. आमच्या घरापासून ते अंतर फार नव्हते, तरी आमच्या दारापर्यंत ते पोहोचायला वडिलांचे लग्न व्हावे लागले. माझ्या आईने लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला आजीच्या हातून दही घेतले.

मूळ लेखकाने विचारले आहे की, वगळण्याचे नियम घरापर्यंत का आले नाहीत. मला एवढेच दिसते की, कावळ्याला वसंतात सूट मिळाली, कुत्र्याला भाद्रपदात मिळाली, आणि माझ्या आजीला बारा महिन्यांत एकदाही मिळाली नाही. हे शास्त्रात आहे की फक्त रूढीत, हे जाणकारांनी प्रामाणिकपणे सांगावे.

संध्यापात्र

ताई, मी याज्ञिकी करतो, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर येते. ते शास्त्रात नाही असे मी म्हणू शकत नाही. मुहूर्तचिंतामणी हा १६०० साली काशीत रचलेला ग्रंथ आजही आमच्या हाताशी असतो. त्याच्या यात्राप्रकरणात अपशकुनांची यादी आहे, आणि तिचा पहिलाच शब्द 'वन्ध्या' हा आहे. पाठोपाठ कातडे, भुसा, हाडे, साप, मीठ, कोळसा आणि सर्पण, आणि पुढे याच यादीत विधवाही आहे. जिवंत बाई या वस्तूंच्या रांगेत बसवली आहे. हे मी शिकताना पाठ केले आहे आणि आज ते म्हणताना मला लाज वाटते. माझ्याकडे निघण्याचा मुहूर्त विचारायला येणाऱ्यांना मी ही यादी सांगत नाही. गेल्या बारा वर्षांत दोन घरी मी मुलाच्या आईच्याच हातून, ती विधवा असताना, दही देववले आहे आणि नंतर मंत्र म्हटले आहेत.

दुसरी गोष्ट उपायाची. कावळ्याच्या प्रकरणाच्या शेवटी वराहमिहिर सांगतो की, एका क्रोशाच्या पुढे ऐकलेला शकुन निष्फळ असतो असे काहींचे मत आहे. त्या हद्दीत पहिला अपशकुन झाला तर 'पञ्च षट् च' प्राणायाम करावेत, दुसरा झाला तर सोळा, आणि तिसरा झाला तरच घरी परतावे. खोटा निरोप नाही, कोणाला रडवणे नाही, हजारोंचा खर्चही नाही. थांबा आणि श्वास घ्या, एवढेच. राजासाठी सांगितलेला हा उपाय कोणालाही परवडण्याजोगा आहे. माझ्याकडे कावळा शिवला म्हणून शांत करून घ्यायला जे येतात, त्यांना मी देवापुढे बसून अकरा प्राणायाम करायला लावतो आणि घरी पाठवतो. पाच आणि सहा मिळून अकरा, असा मी त्याचा अर्थ घेतो. दक्षिणा घेत नाही. काही यजमान नाराज होऊन दुसरीकडे जातात, त्याला इलाज नाही.

दशमीची शिदोरी

गुरुजी, आपण स्पष्ट लिहिलेत, आभारी आहे.

औषधीपेटी

आयुर्वेदाची बाजू राहून गेली आहे. वैद्याला बोलवायला आलेला दूत कसा आहे आणि वाटेत काय दिसले, यावरून रोग्याचे भवितव्य सांगण्याचा भाग सुश्रुतसंहितेत आहे आणि तो मला पटत नाही. चरकाच्या इंद्रियस्थानातला स्वप्नांचा विचार मात्र या धाग्याच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. चरक सात प्रकारची स्वप्ने मानतो. पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे आणि कल्पिलेल्याचे ही पाच, त्यानंतर भाविक म्हणजे पुढचे सुचवणारे आणि दोषज म्हणजे वातादी दोषांमुळे पडणारे. यांपैकी पहिली पाच वैद्याने निष्फळ सांगावीत, असे तो लगेच बजावतो. सातांतली पाच एका फटक्यात गेली. रोगी घाबरून स्वप्न सांगायला येतो तेव्हा "काल काय पाहिलेत, कोणाशी बोललात" हे मी आधी विचारतो. बहुतेक वेळा स्वप्न तिथेच संपते.

प्रश्नचिन्ह

मीठभाकर यांचा सामाईक कारणाचा निकष मला मान्य आहे आणि माझे आधीचे विधान त्या मर्यादेत मी मागे घेतो. चरकाचा दाखलाही मला ठाऊक नव्हता.

निषेधांविषयी अजूनही एक म्हणतो. अपवाद लिहिणारे ग्रंथात होते, पण अपवाद सांगण्यात कोणाचाच लाभ नव्हता. "हा शकुन धरू नका" असे सांगणाऱ्याला दक्षिणा मिळत नाही. भीती तोंडोतोंडी पसरते, तिला संस्कृत लागत नाही. 'वसन्ते काककोकिलौ' हे कळायला मात्र ग्रंथ उघडावा लागतो, आणि तो उघडण्याची मुभा किती जणांना होती, विशेषतः किती स्त्रियांना होती, हेही विचारात घ्यावे. मुठाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे. काकूंच्या वाट्याला शास्त्राचा अर्धाच भाग आला, त्यांना दोष देणे मला जड जाते.

गच्चीवरचा वाचक

ऋग्वेदातला एक मंत्र जाता जाता नोंदवतो. दहाव्या मंडलाच्या १६५ व्या सूक्तात घरात शिरलेल्या कपोताला निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा, दूत म्हटले आहे आणि तो आमच्यासाठी शिव होवो अशी प्रार्थना आहे. तिथेच "यदुलूको वदति मोघमेतत्" असे येते. घुबड जे बोलते ते फोल ठरो. भीती तर होतीच, पण तिला दिलेले पहिले उत्तर 'मोघ' या एका शब्दाचे आहे. माझ्या आजोळी पिंगळा ओरडला की आजोबा हा शब्द म्हणत आणि पुन्हा कूस बदलून झोपत. तो वेदातला आहे हे मला फार उशिरा कळले.

अनुष्टुभ

ही परंपरा किती दूरवर पसरली होती, त्याचे एक उदाहरण देतो. वसंतराज नावाच्या पंडिताचा शकुनावरचा मोठा ग्रंथ आहे, आणि त्यावर टीका लिहिली ती अकबराच्या दरबारी वावरलेल्या भानुचंद्र या जैन मुनींनी. उलट बाजूला, लोक आजारपणात, लग्नात आणि प्रवासाला निघताना जी नाना मंगलकृत्ये करतात त्यांचे फळ अल्प आहे, असे सम्राट अशोकाने नवव्या शिलालेखात कोरून ठेवले. त्या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्यालाच सापडला आहे. संशोधकांनी शांतिकर्मांचा विचार कसा केला हे पाहायचे असेल, तर भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड पाहावा.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घरची हकिगत सांगून माझे लिहिणे थांबवतो.

पाणकाठी यांचा प्रतिसाद वाचून मी दुर्बीण मागून आणली. आंब्याच्या वरच्या बेचक्यात घरटे होते, काटक्यांत तारेचे दोन तुकडे अडकवलेले. आईने कुरडयांची वाळवण खालच्या सज्जात हलवली आणि हल्ले थांबले. काकूंना मी श्लोक वाचून दाखवला. त्यांनी तो मला पुन्हा वाचायला लावला, मग कागदावर लिहून मागितला. चार दिवसांनी त्यांनी स्वतः मामांना दूरध्वनी केला. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, कारण त्यांनी खोलीचे दार लावून घेतले होते. तासाभराने बाहेर आल्या तेव्हा पदराने डोळे पुसत होत्या.

काल सकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावून घेतले. कठड्यावर दोन पिल्ले बसली होती. एक साधे कावळ्याचे, करड्या मानेचे. दुसरे अंगभर पांढरट ठिपक्यांचे, चोच उघडून सारखे ओरडणारे, आणि कावळीण त्याच्याच घशात घास कोंबत होती. काकू बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर कोकिळेचं!" मग त्या खाली जाऊन पाण्याचे भांडे घेऊन आल्या.